घासलेलं फूल

माझा धंदा जुनी चिनी मातीची वाडगी आणि बशा विकायचा. छापाची नव्हे, हातानं रंगवलेली. भोरच्या आठवडी बाजारात पोतं अंथरतो आणि मांडून बसतो. पुण्याची गिऱ्हाइकं येतात, वेल्ह्याकडं बंगले बांधलेले लोक येतात. भिंतीला टांगतात म्हणे. टांगू देत. आमच्याकडं असल्या वाडग्यात बाळाचं उष्टावण करायचे, पहिल्या भाताची खीर भरवायचे. संस्थानाच्या वेळी बाजारात आलेलं एखादं वाडगं तेवढ्यापुरतं खाली यायचं आणि परत फळीवर जायचं. म्हणून तर टिकलं.

मी चौथी शिकलो. बायको तेवढीही नाही. पण ह्या धंद्यात नजर तिची. एकदा एक बशी माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "ही पाकळी जाड झालीया बगा. हितं कुंचल्यात रंग लई हुता. आन ही बारीक. रंग संपत आला, पर बाईनं पुन्यांदा बुडवला न्हाई."

"बाई कशावरनं? बाप्या असंल की."

"बाप्यानं बुडवला असता."

तेव्हापासून बशी हातात आली की मी रंग संपत आलेली पाकळी शोधतो. सापडली की कुठल्या मुलखातली कोण ती बाई, तिची कमाल वाटते. एका ओढीत पाकळी घालायची, आणि वाकडी गेली तरी तशीच राहू द्यायची. छाती लागते त्याला.

बायको माघात गेली. लोक म्हणाले, वय झालं, आता बंद करा. सांगणारे पुष्कळ. अडचण वयाची नव्हतीच. ही वाडगी असतात आतल्या घरात, चुलीमागच्या फळीवर. मी ओट्यावर बसायचो, ती आत जायची. फळीवर काय आहे ते बायकांना ठाऊक, आणि त्या परक्या पुरुषाला दाखवत नाहीत. ती गेल्यावर गावोगाव हिंडलो. ओट्यावर चहा मिळाला, वाडगं कुठंच नाही. घरातले पुरुष म्हणायचे, "आमच्यात असलं काय न्हाई." खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांना माहीतच नव्हतं.

मग ठरवलं. वेल्ह्यापल्याड पासली गावचं एक घर राहिलंय. तिथनंही हात हलवत यावं लागलं तर असलेला माल कुणालातरी देऊन टाकायचा आणि घरी बसायचं. घरी बसणं काय असतं ते एकट्या म्हाताऱ्याला विचारा. भिंतीसुद्धा अंगावर येतात.

पासलीच्या त्या घरात निळ्या फुलाचं एक वाडगं बायकोनं बघून ठेवलं होतं. तिथली म्हातारी देत नव्हती. बायको तरी जात राहिली, नुसतं बघायला. तिच्या मोबाईलात नंबर होता. म्हातारीच्या सुनेनं फोन उचलला. म्हटलं, येतोय. एसटीनं वेल्ह्याला गेलो, पुढं टेम्पोनं.

म्हातारी ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"एकलंच आलासा? बाई कुठाय?"

"गेली."

"कुठं?"

"वर."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला कुनी सांगितलं न्हाई," म्हणाली, ते माझ्यावरच रागावून. मग आत बघून ओरडली, "ए, ते वाडगं आन गं! बाईला लई आवडायचं. बगू दे ह्यांना बी."

सून आली. चाळिशीची असेल. वाडगं दोन्ही हातांत धरलेलं, चेहऱ्यावर आनंद. वाडगं स्टीलसारखं चकाकत होतं.

"लई मळकाट दिसत हुतं," ती म्हणाली. "तुमी येनार म्हनून सकाळधरनं घासलं. राख लावली, वरनं तारेची घासणी."

म्हातारीनं वाडगं फिरवून बघितलं. "फूल कुठाय?"

"कंचं फूल?"

"अगं भवाने, फुलाला मळ समजलीस व्हय! तुज्या म्हायेरी, पालीला, फुलं बी घासत्यात?"

सुनेचं तोंड उतरलं. तिचं काय चुकलं? हितं भांडं चकाकलं तर पाहुण्याचा मान. मला हसू आलं. बायको गेल्यापासनं पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

वाडगं उजेडात नेलं. रंग गेला होता, पण जिथं रंग होता तिथं फुलाची मंद खूण राहिली होती, आरशावर श्वास सोडल्यासारखी. रंगाखाली झाकलेली कुंचल्याची ओढन्ओढ आता उघडी होती. असं मी कधी बघितलं नव्हतं. बायकोला दाखवायला मान वळवली, तर शेजारी सून उभी.

"तिरपं धरा," म्हटलं. "काय दिसतंय?"

तिनं बराच वेळ बघितलं. "हितनं सुरवात केलीया. आन ही पाकळी शेवटची. हिला जागाच उरली न्हवती, म्हनून मुडपून बसवलीया."

मला ते दिसलं नव्हतं. परत बघितलं. खरं होतं.

"न्ह्या आता," म्हातारी म्हणाली. "फूलच न्हाई तर म्या काय करू?"

"ठेवा, आक्का. खीर खानाऱ्या पोराला फुलाचं काय? आन खरं सांगू, हे आता कोन घेनार बी न्हाई."

"तोंड लई फाटकं हाय तुमचं," म्हातारी म्हणाली. "बाईनं तुमच्यासंगं दिस कसं काडलं कुनास ठावं."

मलाही ठाऊक नाही.

रिकाम्या हातानं निघालो. म्हणजे धंदा संपला, हे मनाशी धरूनच सडकेपर्यंत गेलो. मागनं हाक आली. सून पदराला हात पुसत येत होती.

"बाबा, माज्या म्हायेरी, पालीला, भावकीत असली वाडगी हायती. पर तुमाला कोन दावनार न्हाई. म्या येते संगं. सासूबाई म्हनल्या, जा."

"कशाला, घासायला?"

"आता जल्मभर तेच म्हना!"

चार दिवसांनी पालीला गेलो. गडावर जाणाऱ्या पोरापोरींची पाठीवर पिशव्या घेऊन रांग चाललेली. मी ओट्यावर बसलो, ती आत गेली. घरधनी भाताच्या रोपांचं काहीबाही सांगत होता. आधी आत सामसूम होती. मग बायका हसल्या, स्टूल सरकवल्याचा आवाज आला. आत माझी बायको नव्हती. ते कळत असून मी कान तिकडंच लावून बसलो होतो.

"बाबा, गुंडाळायला काय तरी आना!" आतून हाक आली.

पिशवीत बायकोचं जुनं लुगडं होतं. ते घेऊन उठलो.