सहा ताटं

वरच्या मजल्यावरचा तो भाडेकरू आठवला की मला अजून स्वतःचीच चीड येते. नायजेरियात योरुबा लोकांचा एकिती नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथला तो इंजिनिअर. चाकणला कंपनीत होता आणि बायकोसोबत आमच्या वाकडच्या सोसायटीत राहायचा. वर्षभरात त्याच्या घरात आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. पण दर रविवारी दुपारी वरून धपधप आवाज यायचा, त्यावरून ग्रुपवर बोंबाबोंब झाली. सेक्रेटरींनी त्याला कळवलं, "रविवारी एक वाजता आम्ही सहा जण तुमच्याकडे येतोय." कशासाठी, ते सांगायचीही सभ्यता दाखवली नाही.

आम्ही जिना चढत होतो तेव्हाही धपधप सुरूच होती.

"बघा राव, काय माज आहे!" सेक्रेटरी म्हणाले. स्वतःच्या हॉलमध्ये आजीच्या उखळात प्लास्टिकची फुलं खोचून ठेवणारे हे गृहस्थ!

दार उघडंच होतं. नवरा-बायको घामाघूम होऊन लाकडी उखळात उकडलेलं कोनफळ कांडत होते. सेक्रेटरी दारातूनच कडाडले, "मिक्सर वापरा, नाहीतर फ्लॅट सोडा!"

तो गोंधळला. "आमच्या एकितीत पाहुण्यांना हातानं कांडलेलंच वाढतात," तो हळूच इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही येणार होतात ना?"

त्याच्यामागे टेबलावर सहा ताटं मांडलेली होती.

आम्ही पाण्याचा घोटही न घेता खाली उतरलो. त्यात मीही होतो.