नराऱ्याच्या पाण्यातली दगडाची शेवंती

माझी नात मीनू जामनगरला समुद्रातली पोवळी मोजून राहिली होती. फोनवर म्हणाली, "आजी, ये ना. फार कमी उरलेलं एक दगडी पोवळं दाखवते." मी म्हटलं, चलो! आमचे हे म्हणाले, "काहून? पोवळं तर इथे सराफाकडेच मिळते." मी सरळ उठून बॅग भरली.

आमच्या जबलपूरहून राजकोटपर्यंत थेट गाडी आहे. खालचाच बर्थ घ्या, गुडघे दुवा देतात. माझ्या तिखट पुऱ्या शेजारणीने संपवल्या, तिचे थेपले मी. लोणच्यावर तर आमची मैत्रीच झाली. राजकोटहून पुढे जामनगरची बस.

जामनगरहून नराऱ्याचा पोवळ्यांचा किनारा जीपने दीडेक तास. ओहोटीची वेळ आधी विचारा, नाही तर नुसतं पाणी पाहून परत याल. फाटकावर परवानगी लागते, आधार कार्ड ठेवा. आणि बूटच घाला. माझी एक चप्पल अजून तिथल्या चिखलात आहे.

पाणी हटलं होतं. वाटाड्या भाईंच्या मागे डबक्यांतून चाललो. एका डबक्यात नारळाएवढा दगड, आणि त्यावर शेवंतीच शेवंती, हळूहळू डुलून राहिलेली!

"हेच ते पोवळं. फुलं नाहीत आजी, जीव आहेत. प्रत्येकाला तोंड आहे," मीनू म्हणाली.

आता आम्हा नर्मदेकाठच्यांना प्रत्येक गोटा महादेव. जन्मभर आमच्या ग्वारीघाटावर गोट्यांना कुंकू वाहिलं. हात आपोआप पिशवीत गेला, आणि कुंकवाची चिमूट पाण्यात पडलीसुद्धा.

"अरे बा, ये क्या किया!" भाई ओरडले. सगळी फुलं आत गेली. उरला नुसता दगड. भाई ओंजळीने लाल पाणी बाहेर फेकू लागले. "रंग है इसमें, माँजी. ये ज़िंदा चीज़ है."

मीनू रागावली नाही, तेच जास्त लागलं. हळूच म्हणाली, "या भागात मला हे एकच सापडलंय." फुलं उघडेपर्यंत थांबायचं होतं मला, पण भरती चढून राहिली होती. निघावं लागलं.

घरी आली तर हे म्हणतात, "देवाला चालते कुंकू, त्याला काहून नाही?"

"टाकू का तुमच्या डोळ्यात चिमूटभर?"

जेवण गोड लागेना. पंधरा दिवसांनी, पुढच्या मोठ्या ओहोटीला, मीनूने व्हिडिओ पाठवला. तेच डबकं, तोच दगड, आणि वर सगळी शेवंती उघडलेली. मागून तिचा आवाज, "बघ आजी, जगलं."

तुम्ही पण जा, बायांनो, जरूर पाहून या. मी तर तो व्हिडिओ रोज पाहते. हात जोडते. लांबूनच.