ज्ञानूची झील

ज्ञानूनं उभ्या जन्मात ओवीची पहिली ओळ कधी गायली नाही. पुढं गायचा तो थोरला भाऊ तात्याबा. ज्ञानू मागं उभा राहून ओळीचा शेवट उचलून धरायचा, म्हणजे झील. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखता राखता ही जोडी जमली. तात्याबाला दमा, त्यानं दम घ्यायचा आणि तोवर ज्ञानूनं सूर पडू द्यायचा नाही. लोक तात्याबाला फेटा बांधायचे, ज्ञानूच्या हातावर नारळ टेकवायचे. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

तात्याबा गेला. बिरोबाच्या जत्रेआधी त्याची लेक माया हिनं बापाच्या रेकॉर्ड करून ठेवलेल्या ओव्या साऱ्या भावकीच्या मोबाईलवर धाडल्या. त्या ऐकल्या आणि ज्ञानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माये, मी कुठं हाय ह्यात?"

"नाना, फाईल लय मोठी व्हती, जातच नव्हती. बारीक केली. मागचा गलकाबी मशीननं साफ केला."

"गलका? मूळचं लाव."

तिनं लावलं. वारा, मेंढरं, ढोल, तात्याबाची ओळ, आणि तो थांबला की खालून ज्ञानूची झील. मग पाठवलेलं लावलं. आवाज घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. पण ओळ संपली की नुसतं भोक. तिथं वारासुद्धा नव्हता.

"खरं सांगू नाना? काय कमी झालंय, मला कळलंच न्हाई."

मशीनला एकवेळ अक्कल नसेल. पण घरच्या पोरीला कळू नये, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

जत्रेत पंचांनी कर्ण्यावर तेच बारीक केलेलं लावलं. आता गाणाऱ्यांना कशाला बोलवायचं, असा त्यांचा हिशोब. पहिली ओळ संपली, भोक आलं, आणि कुणी मानही वर केली नाही. ज्ञानू तणतणत गेला आणि त्यानं वायरच उपटली. भावाचा आवाज तो आपल्याच हातानं बंद करत होता, पण हात थांबला नाही.

"येडा झाला का काय म्हातारा?" पंच ओरडले.

ज्ञानू ढोलापुढं उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्यानं पहिली ओळ स्वतः उचलली आणि शेवटाला येऊन सवयीनं मागच्याची वाट बघितली. मागं कुणीच नव्हतं.

"झील धरा की रं! तोंडात काय गुळणी धरलीया?"

गर्दीतून मायाचा आवाज आला. कापरा, ठार बेसूर. ज्ञानूनं वळूनही बघितलं नाही.

"पडला सूर!" तो गरजला. "पुन्यांदा. आन् मी दम घेस्तवर सोडायचा न्हाई."