दोन पोरं आणि एक नारळ

भावाचा फोन सकाळी आला. "आई तुझंच नाव घेतेय. उद्यावर टाकू नको," एवढंच बोलला आणि रडायला लागला. आई मालवणजवळच्या गावी, मी इथे लालबागच्या चाळीत आणि नवरा आखातात कामाला. त्याने तिकडूनच गोव्याच्या दुपारच्या विमानाची तिकिटं काढून पाठवली. जन्मात एकदाच विमानात बसले होते मी, तेही त्याचा हात घट्ट धरून. आता कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि बोटाला चार वर्षांची मुलगी.

निघताना सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि मुलीच्या दप्तरात घातला. "ह्यो गावच्या देवाक ठेव नि गाऱ्हाणा घाल. तुझी आवस बरी होतली." असा देवाच्या नावाने काढलेला नारळ वाटेत कुणाला द्यायचा नसतो. टाकायचा तर मुळीच नाही. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

विमानतळावर मोठी बॅग गेली आणि आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. झोपलेल्या मुलाला उठवा, त्याची गाडी मिटा, बूट काढा, दुधाची बाटली दाखवा. मुलाने भोकाड पसरलं. मागचा एक माणूस च् च् करत होता. मनात म्हटलं, कर बाबा, तुला कुठे पोरं सांभाळायचीत! तेवढ्यात मुलीचं दप्तर बाजूला काढलं गेलं.

"नारियल अंदर नहीं जाएगा," तिथला शिपाई म्हणाला आणि त्याने डब्याकडे बोट केलं. डब्यात लायटर, कात्र्या, अर्ध्या पाण्याच्या बाटल्या. त्यात हा टाकायचा? आईसाठी काढलेला?

मी त्याला सांगून पाहिलं. आई आजारी आहे, देवाचा आहे, हात जोडते. तो काही वाईट नव्हता. शेवटी म्हणाला, "मॅडम, नारियल रखना है या फ्लाइट पकड़नी है?"

आणि मी काय केलं, तर दोन्ही पोरांना घेऊन उलट पावली बाहेर आले. म्हटलं, काउंटरवर देऊ, मोठ्या बॅगेबरोबर जाईल. काउंटरवरच्या मुलीने घड्याळ दाखवलं. "ताई, आता सामान बंद झालं. ठेवून द्या ना तो इथेच कुठेतरी, आणि पळा." तेवढ्यात माझ्या मुलीला शू लागली. तिला नेलं, तर तिथे लादी पुसणाऱ्या एक मावशी दिसल्या. त्यांच्यापुढे नारळ धरला. त्यांनी चटकन हात मागे घेतले. "नको गं बाय, दुसऱ्याच्या देवाचा नारळ मी कशी घेऊ?" बरोबरच होतं त्यांचं. मीसुद्धा घेतला नसता. शेवटी तिथल्याच एका खुर्चीवर ठेवला, दहा पावलं गेले आणि परत येऊन उचलला. मनात आलं, मी हा असा सोडला आणि आईला काही झालं तर?

पुन्हा रांगेत शिरले तेव्हा माझ्या नावाचा पुकारा चालू होता. तो मी ऐकला. मुलगा कडेवरून निसटत होता, नारळ पदरात होता आणि पुढे अजून कितीतरी माणसं होती. मग पुकारा थांबला. काचेपलीकडे विमानं उभी होती. मुलीने त्यातल्या एकाला हात केला. "आई, आजीकडे जाणारं ते ना?" मी हो म्हटलं.

दुसरं विमान थेट उद्या सकाळचं. टॅक्सीने परत निघालो. परळला आलो तेव्हा भावाचा फोन आला. आई गेली होती. आमचं विमान सुटायच्या वेळेलाच त्याने तिची खाट दाराकडे फिरवून ठेवली होती. तिनेच सांगितलं होतं म्हणे, पोरांना येताना बघायचंय. तास दीड तास ती तशीच दाराकडे बघत होती.

नारळ मी देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेले, नारळाशिवाय. कुणी अडवलं नाही. मुलगा अख्खा प्रवास शहाण्यासारखा झोपला. माझ्या आधी आईची राख झाली होती.

आता सासूबाई चाळीत येईल त्याला कौतुकाने सांगतात, "आमच्या सुनेन विमान सोडल्यान, पण देवाचो नारळ टाकूक नाय." बायका माझ्याकडे आदराने बघतात. एकीने तर माझ्या पाया पडायला आपल्या सुनेला पुढे केलं. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते. त्या शिपायाने मला सरळ मराठी माणसाला कळेल अशा हिंदीत विचारलं होतं. आई दाराकडे बघत होती, आणि मी नारळ सांभाळत बसले.