लांब डिकीची गाडी

कंपनीची गाडी मी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा अण्णा सरळ तिच्या मागे गेले. बाकी सगळे पुढून बघत होते, स्टेअरिंगला हात लावत होते. अण्णांनी मला डिकी उघडायला लावली, गळ्यातली टेप काढली आणि माप घ्यायला सुरुवात केली. माझे वडील शिंपी होते. आयुष्यभर तालुक्याच्या गावी बाजारगल्लीत मशीन चालवलं आणि त्या मशीनवर मला इंजिनिअर केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मला चाकणला नोकरी लागली, मोशीत फ्लॅट घेतला, आणि मग आई-अण्णांना मी इकडेच आणलं.

गाडी डिझेलची होती. पुढून नेहमीच्या कारसारखी, पण मागे छप्पर तसंच लांब गेलेलं, डिकी एखाद्या खोलीसारखी. आपल्याकडे अशा गाड्या फार कुणी घेत नाही. आमच्या परदेशी साहेबांना बायकामुलांसाठी तशीच हवी होती, म्हणून कंपनीने ती लीजवर घेतली होती. साहेब मायदेशी परतले आणि गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. माझं काम पुरवठादारांकडे जाऊन मालाची तपासणी करायचं. भोसरी, तळवडे, चाकण असं दिवसभर फिरायचं आणि नापास झालेले भाग क्रेटमध्ये भरून आणायचे. त्यामुळे ती गाडी माझ्या वाट्याला आली. मला त्याचं अप्रूप इतकं, की पहिले काही दिवस मी ऑफिसातून घरी जाताना प्रत्येकाला थँक्यू म्हणत होते.

"मॅडम, गाडी आहे का शववाहिनी?" आमच्या लाईनवरचा एक सुपरवायझर म्हणाला होता. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन तो विनोद सांगितला तेव्हा अण्णा हसले, पण आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधलेली होती.

अण्णांनी डिकीसाठी गादी शिवली. जाड कापडाची, आत घट्ट दाबलेला कापूस. चाकांच्या वर जे दोन उंचवटे येतात त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना गोल काप दिले, आणि लांब माल आणायला डावी सीट पाडली तर तिच्यावर उलगडेल असा एक जादा पट्टा जोडला. गादी अंथरली तेव्हा कुठे बोटभरही फट राहिली नाही. "तेलकट माल ठेवतीस, गाडी लोकांची आहे," ते म्हणाले. "परत देताना डाग दिसायला नको." एवढी चांगली गादी क्रेटखाली घालायला माझा जीव होईना. मी तिच्यावर ताडपत्री टाकली.

त्या गाडीची एक खोड होती. धूर गाळणारं एक फिल्टर तिच्या पोटात असतं, ते काजळीने भरत जातं. गाडी मोकळ्या रस्त्यावर, एका वेगात बराच वेळ पळाली की आतली काजळी आपोआप जळून जाते. पण मोशी ते चाकण हा रस्ता म्हणजे कंटेनर आणि ट्रेलर यांच्यामध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसणं. मग समोर पिवळा दिवा लागायचा. दिवा लागला की रविवारी सकाळी मी अण्णांना शेजारी बसवायची आणि चाकण ओलांडून राजगुरुनगरच्या पुढे नाशिक रस्त्याला गाडी सोडायची. अण्णांना हे फार आवडायचं.

"चल बाई, गाडीचा घसा साफ करून आणू," ते रविवारी आंघोळ करून तयारच असायचे. दिवा विझला की ते समोरच्या काचेकडे बघून मान डोलवायचे, जणू एखादं गिऱ्हाईक कपडा घालून बघून समाधानाने गेलं आहे.

त्यांची पाठ तेव्हाही दुखत होती. शिंप्याची पाठ दुखणारच, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. तेही म्हणत होते. गावाकडे असताना कुणी तेल चोळायला सांगितलं, कुणी पट्टा बांधायला. एका रविवारी राजगुरुनगरहून परत येताना एका साध्या गतिरोधकावर ते ओरडले. त्यांना मी आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तपासण्या झाल्या. गाठ दुसरीकडे होती आणि ती पाठीच्या मणक्यात उतरली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याला शेक द्यावा लागेल, रोज, काही आठवडे. शेक म्हणजे किरणांचा. त्याने दुखणं कमी होईल, जाऊ पाहणारे पाय कदाचित वाचतील. रुग्णालय पुण्यात. अण्णांना बसणं आता अशक्य झालं होतं. मी ॲम्ब्युलन्सचं बोलले तर त्यांनी तोंड फिरवलं.

"तिच्यात बसून गेलेला एकबी माणूस आपल्या गल्लीत परत आलेला नाही. मी नाही येणार."

"मग कसं न्यायचं तुम्हाला, अण्णा?"

"कसं म्हणजे? गादी कामून शिवली मग?"

म्हणून मागची डावीकडची सीट पाडली, पुढची डावी सीट पुढे सरकवली आणि ताडपत्री काढली. अण्णा मुळात ठेंगणे, आजाराने आणखी आक्रसले होते. ते त्या गादीवर बरोबर मावले. आई माझ्या मागच्या उरलेल्या एका सीटवर बसायची, एक हात त्यांच्या छातीवर ठेवून. मी सकाळी लवकर कामाची दोन ठिकाणं उरकायची, दुपारी त्यांना न्यायची, संध्याकाळी राहिलेलं काम करायची. माझ्या मॅनेजरांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. ते मी विसरणार नाही.

अडचण आईची होती. दक्षिणेकडे पाय करून निजायचं नाही, तसं मेलेल्या माणसाला ठेवतात, हे आमच्या घरी लहानपणापासून पक्कं. मोशीहून पुण्याला जाताना गाडी दक्षिणेला तोंड करून जाते. अण्णांना डोक्याच्या बाजूने आत सरकवलं की डोकं पुढे, म्हणजे दक्षिणेला, पाय उत्तरेला. ठीक. पण परतताना तसंच ठेवलं तर पाय दक्षिणेला. पहिल्याच दिवशी हे तिच्या लक्षात आलं आणि तिने स्ट्रेचर अडवलं.

"पायाच्या बाजूने घाला. डोकं दाराकडे येऊ द्या."

स्ट्रेचर आणणारा दादा वैतागला. "मावशी, गाडी काय सरळ जाणार आहे का? नाशिक फाट्याला वळंल, भोसरीला वळंल. दर वळणाला थांबून फिरवणार का काकांना?"

"वळणं बारकी असतात, भाऊ. मोठा रस्ता उत्तरेला जातो."

"मावशीला होकायंत्र द्या रे एक," तो स्ट्रेचरचं मागचं टोक धरलेल्या सोबत्याला म्हणाला, पण त्याने फिरवलं. पोर्चमध्ये जागा कमी, मागे रिक्षा हॉर्न देत होत्या, आणि स्ट्रेचर वळवताना अण्णांनी ओठ दाताखाली धरले होते. डोकं डिकीच्या दाराकडे आलं म्हणजे ते मागच्या चाकांच्या वर आलं. प्रत्येक खड्डा आधी त्यांच्या मानेत शिरायचा. मला आरशात त्यांचे पाय दिसायचे आणि डोकं दिसायचं नाही. मी आईला एकदा समजावून बघितलं. ती म्हणाली, "तू शिकलीस, तुझं बरोबर असंल. पण मला त्यांना घरी न्यायचं आहे." रोज जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या बाजूने, असं चालू राहिलं.

मग ॲडमिनमधून बोलावणं आलं. तिथले साहेब मोशीच्याच जुन्या घरातले, त्यांच्या वाडवडिलांच्या शेतावरच आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत.

"मॅडम, बसा. गाडीची लीज संपती हाय. परत द्यायची. तुमाला पेट्रोलची छोटी मिळंल, नवी कोरी."

"सर, छोटीत वडील झोपू शकणार नाहीत."

त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमी बोललो वर. लीजवाले ऐकत न्हाईत. महिनाअखेरपर्यंत मी कसंबी थांबवतो. त्याच्या पुढं माझं काय चालत न्हाई. होतंय का तवर तुमचं?"

मी घरी येऊन कॅलेंडर बघितलं. शेक महिनाअखेरच्या जरासा आधी संपत होता. होत होतं. मी देवासमोर दिवा लावला, आणि त्या साहेबांसाठी मनात नमस्कार केला.

पण शेकाचं मशीन बंद पडलं. "उद्या या," तिथले लोक म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "उद्या या." एकदा अण्णांना आत घालून, भोसरीच्या गर्दीतून नेऊन, नुसतं परत आणलं. मग मशीन सुरू झालं, पण आता शेवटचे शेक महिन्याच्या पलीकडे गेले. मी रोज गाडी चालवताना तेच गणित करत होते. समोर पिवळा दिवा लागलेला होता आणि त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी लीजवाल्यांना फोन केला, हात जोडण्याच्या आवाजात बोलले. पलीकडची मुलगी नम्र होती. तिने तीच तारीख पुन्हा सांगितली.

शेवटी तो प्रश्न डॉक्टरांनीच सोडवला. एका दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं. स्कॅनचे नवे फोटो बघितले होते. आजार पुढे सरकला होता, यकृतापर्यंत. राहिलेले शेक देण्यात आता काही अर्थ नाही, ते म्हणाले. दुखण्यावर औषध देतो. घरी ठेवा, त्यांच्या आवडीचं करा.

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते लिहिते: गाडी आता पुरेल.

मी आईला सांगितलं. अण्णांना काही सांगावं लागलं नाही. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांनी आमची तोंडं बघितली होती. गाडीपाशी आलो. तो स्ट्रेचरवाला दादा आपणहूनच स्ट्रेचर वळवायला लागला, इतकं ते सवयीचं झालं होतं.

"आज फिरवू नका," अण्णा म्हणाले. "डोकं पुढं असू द्या. मला पोरगी गाडी चालवताना बघायची आहे."

दादाने आईकडे बघितलं. मीही बघितलं. आई बाजूला झाली. अण्णांना डोक्याकडून आत सरकवलं. मग तिने नऊवारीचा काठ वर खोचला आणि ती सीटवर बसायला न जाता डिकीत चढली. त्यांच्या पायांपाशी, गुडघे पोटाशी घेऊन, दाराला पाठ लावून बसली. त्यांचे दोन्ही पाय तिने मांडीवर घेतले.

"आई, तिथे कशी बसणार तू? पट्टा नाही, काही नाही."

"लाव दार," ती म्हणाली. "ह्यांचे पाय माझ्याकडे आहेत. दक्षिण माझ्या मागं."

दादाने हळूच दार लावलं. जाताना तो काही विनोद करेल असं मला वाटलं होतं. त्याने काचेवर हात टेकवला आणि आत गेला.

नाशिक फाटा ओलांडल्यावर अण्णांनी विचारलं, "तो दिवा कशाचा लागलाय बाई?"

"तोच, अण्णा. फिल्टरचा. राहू द्या, गाडी उद्या परतच द्यायची आहे."

"उद्या द्यायची म्हणूनच म्हणतो. लोकांची वस्तू नीट करून द्यावी. त्यांनी आपल्याला किती वापरू दिली. चल पुढं."

मी आरशात आईकडे बघितलं. तिने मान हलवली. मोशी आलं, आमच्या सोसायटीचं वळण गेलं. चाकणच्या चौकात नेहमीसारखे अडकलो, कंटेनरच्या सावलीत इंजिन घरघरत राहिलं. औषधाने अण्णांचं दुखणं थोडं बोथट झालं होतं. ते गादीच्या शिलाईवरून बोट फिरवत होते. राजगुरुनगरनंतर रस्ता मोकळा झाला. मी गाडी एका वेगात ठेवली. ते डाव्या बाजूने माझ्याकडे बघत आहेत हे मला मान न वळवताही कळत होतं. त्यांच्या तोंडून एकदाच निघालं, "हात चांगला बसलाय तुझा."

दिवा विझला. मी सांगायच्या आधी त्यांनी बघितला होता. मान डोलावली.

पुढे जागा बघून मी गाडी वळवली. आता आम्ही घराकडे, दक्षिणेला निघालो होतो. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, जसं हवं तसं. "आई, आता पुढे येऊन बस," मी म्हणाले. ती जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दिली. ॲडमिनच्या साहेबांनी डिकी उघडून आत हात फिरवला. "डाग न्हाई एकबी," ते म्हणाले, आणि मग वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ डिकीचं दार बंद केलं नाही.

गादी आम्ही हॉलमध्ये अंथरली, उशी दक्षिणेला. कॉटवर ती बसत नव्हती, दोन्ही बाजूंचे गोल काप उघडे पडायचे. आई एका कापात पाण्याचा तांब्या आणि औषधं ठेवायची आणि दुसऱ्यात स्वतः बसायची. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, ती तिथे बसलेली असताना अण्णा गेले.

सोसायटीतल्या बायका आल्या. त्यांतली एक वयस्कर बाई हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, आता त्यांना फिरवायला लागंल. पाय दक्षिणेला करावे लागतील."

"करू," आई म्हणाली. "थोडा वेळ असंच राहू द्या."