पानाची दुमडलेली कड

रोपवाटिकेतला माळी संध्याकाळी घरी यायचा तो पार गळून गेलेला. दिवसभर लिंबाच्या रोपांवर वाकायचं, नागअळीनं पोखरलेली पानं खुडायची. पानाची कड दुमडलेली दिसली की आत कोष असणारच. ती चिमटीत चिरडायची. आता डोळ्यांना विचारायचीही गरज उरली नव्हती, बोटं आपली आपण काम उरकत.

घरी बायको अंथरुणाला खिळलेली. पडून मोडलेलं खुब्याचं हाड कधीच सांधलं होतं. आधी उठून बसायला तर लागा, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, पण बाई भिंतीकडे तोंड करून पडायची. त्यानं समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी हात टेकले. अशीच पडून राहिली तर ही कायमची हातची जाणार, या भीतीनं बिचारा पोखरून निघाला होता.

तिच्या खाटेजवळच्या खिडकीतल्या कुंडीत लिंबाचं एक रोप होतं. एकदा त्याच्या कोवळ्या पानावर चंदेरी नागमोडी रेघ उमटली. सवयीनं त्याचा हात पुढे गेला, तर बाईनं चक्क अडवलं. हे काय म्हणून विचारलं. त्यानं कंटाळत सांगितलं: पाखरू कोवळ्याच पानावर अंडं घालतं, जून पानाकडे ढुंकून बघत नाही. अळी सालीखाली शिरते, खात खात वाट काढते, मागे विष्ठेची काळी रेघ सोडते. पोट भरलं की कडेला येते, पान दुमडून घेते नि कोषात जाते. मग पाखरू.

"दिसतं कसं ते?"

त्याचा जन्म गेला त्यांना मारण्यात, एकाला कधी धड पाहिलं नव्हतं. बघू मग, म्हणाली, आणि खिडकीकडे कूस वळवून घेतली. रेघ लांबत गेली तशी हिची बडबड वाढली. कड दुमडली त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

आणि एका सकाळी तो अर्धवट झोपेतच कुंडीला पाणी घालायला गेला. चिमटीत कोष फुटला तेव्हा कळलं.

उडून गेलं म्हणून सांगावं, असं मनात आलं. पण ती जागी होती, बघत होती.

"हात गेला गं," तो म्हणाला. त्याला रडूच आलं. आता ही पुन्हा भिंतीकडे वळणार, हे धरूनच तो उभा राहिला.

ती मग कोपरावर भार देऊन धडपडू लागली.

"उद्यापासून पाणी मी घालीन. तुमच्या हाताचा काही भरवसा नाही. बघत काय राहिलात? बसवा मला."