हळदीखालची गाठ

रामधनीच्या हातावर हळदीचा जाड लेप होता. माझी विद्यार्थिनी डॉ. स्मिता बिहारमधल्या एका खेड्यात काळ्या आजारावर काम करते. तिच्या दवाखान्यात मी पाहुणा म्हणून बसलो होतो. वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा या आजाराचा परजीवी त्याला गिळणाऱ्या पेशींतच बिऱ्हाड करतो. मेलेल्या परजीवींचा अंश त्वचेत टोचला, तर ज्याच्या शरीराने त्याला काबूत ठेवले आहे, त्याच्या हातावर दोन-तीन दिवसांत गाठ येते. ऐन आजारात ती येत नाही. रामधनी गेल्या वर्षी या आजारातून बरा झाला होता; तीन दिवसांपूर्वी त्याच्या घरात सर्वांनाच असे टोचले होते.

"हळद लावली तरी सूज उतरत नाही, डॉक्टरदीदी. आजार परत आला ना?" त्याच्या आईने विचारले.

स्मिताने लेप बाजूला सारून गाठ मापायला तिच्या दिशेने बॉलपेनची रेघ ओढली. कडेशी पेन अडले. "चाची, ही सूज ओळखीची आहे, शरीराने त्या जंतूला ओळखल्याची. आता तो आजार सहसा परतणार नाही."

"मग मला का आली? मी तर एक दिवसही अंथरूण धरले नाही!"

त्यांच्याही हातावर गाठ होती, मुलाच्या गाठीहून मोठी.

"माशी तुम्हालाही चावली. शरीराने परस्पर निभावले."

"मला आजारी पडायला सवड कुठे होती?"

प्रतिकारशक्ती शिकवताना मी फळ्यावर नेहमी सैनिक काढले. ती अशी घरकामासारखी, कुणाला न सांगताही चालते, हे शिकवायचे राहिले.

चाचींनी पदराने मुलाच्या हातावरची हळद पुसली. रेघ तेवढी राहू दिली.